भंगारातला सोडियम दिवा रोपांच्या खोलीत कसा बसवावा

गावोगावच्या खांबांवरचे पिवळे सोडियमचे लाइट उतरले आणि पांढरे एलईडी लागले, तेव्हा ती जुनी फिटिंग्ज गेली कुठे? बरीचशी भंगारात. नागपूरपासून हिंगणघाट-वरोऱ्यापर्यंत कोणत्याही मोठ्या भंगारवाल्याकडे गेलात तर कोपऱ्यात ॲल्युमिनियमच्या त्या लांबट फिटिंग्जचा ढीग दिसतो, आतला चोक तांब्याच्या भावाने विकायला काढलेला. माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे, त्यामुळे तांब्यासाठी अशा ढिगात हात घालायची मला सवय. चार हिवाळ्यांपूर्वी शेजारच्या वावरातले काका दुकानात येऊन विचारू लागले, "भाऊ, हे पिवळे लाइट रोपायले चालतीन का?" तेव्हा मला उत्तर माहीत नव्हतं. आता घरामागच्या खोलीत दरवर्षी टरबुजाची आणि थोडी टोमॅटो-वांग्याची रोपं याच दिव्यांखाली करतो, म्हणून लिहितोय.

उत्तर असं: चालतात, पण आपल्याकडे हा दिवा हिवाळ्याचा आहे. वॅट किती घ्यायचे हा प्रश्न सगळे पहिला विचारतात, खरं तर तो तिसरा आहे. पहिला प्रश्न, दिवा कोणत्या महिन्यात चालवणार. दुसरा, तुमच्या घरी रात्री व्होल्टेज किती असतं.

एक गोष्ट सुरुवातीलाच. वाढीसाठीच्या सोडियम दिव्यांवर इंटरनेटवर जे काही सापडतं, त्यातलं बहुतेक परदेशात घरात गांजा लावणाऱ्यांनी लिहिलेलं आहे. आपल्याकडे १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याच्या कलम २० खाली गांजाची विनापरवाना लागवड हा गुन्हा आहे. १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड. त्यामुळे तो विषय इथे नाही. पण ते वाचताना एक फसगत होते ती सांगतो: त्या तक्त्यांमधले वॅट मोठ्या, फुलोऱ्यात आलेल्या, उजेड खाणाऱ्या झाडांसाठी असतात. पोर्ट्रेमधल्या (रोपं करायच्या खाचांच्या प्लास्टिक ट्रेमधल्या) दोन पानांच्या रोपाला त्याच्या निम्म्याहून कमी पुरतो. तो तक्ता बघून दिवे आणलेत तर रोपं आणि खिसा दोन्ही भाजतील.

आधी ठरवा: दिवा हवाच का

ज्याच्याकडे अंगणात दहा बाय वीस मोकळी जागा आहे, त्याने बांबू वाकवून प्लास्टिकचा बोगदा करावा. विदर्भातलं डिसेंबरचं ऊन भरपूर असतं आणि ते फुकट आहे. दिव्याची गरज पडते ती जागा नसलेल्यांना, माकडांच्या टोळीने ट्रे उलथून टाकलेल्यांना (आमच्याकडे हे दोन वर्षं झालं), आणि पांढरी माशी-फुलकिड्यांपासून रोप पहिले पंधरा दिवस लपवून ठेवायचं आहे अशांना. टरबुजाच्या संकरित बियाण्याची पुडी महाग असते. डिसेंबरच्या शेवटी रात्री पारा दहाच्या खाली उतरला की ते बी मातीत नुसतं बसून राहतं, सडतं. त्याला पंचवीस-तीस अंशांची ऊब लागते. इथे सोडियम दिव्याचा जो दोष मानतात, म्हणजे त्याची उष्णता, तीच कामी येते.

शेवंतीवाल्यांसाठी अर्धा परिच्छेद. शेवंती लहान दिवसात कळी धरते, म्हणून ती लांबवायला मध्यरात्री दोन-चार तास उजेड देतात. त्याला शंभर लक्सच्या आसपास उजेड पुरतो. घरातले साधे एलईडी बल्ब लावा. त्यासाठी सोडियम आणू नका.

आणि दिवा नवा कोरा विकत घ्यायचा असेल तर तोही आणू नका. जुन्या पद्धतीचा चोकवाला सोडियम दिवा एका वॅटमागे जेवढा कामाचा उजेड झाडाला देतो, त्याच्या दुप्पट-अडीचपट आजचे चांगले वाढीचे एलईडी देतात. सोडियम परवडतो तो फिटिंग भंगारात मिळते म्हणून, आणि वर्षातून दीड-दोन महिनेच चालवायचा आहे म्हणून.

वॅटचं गणित

७०, १५०, २५० आणि ४०० वॅट. रस्त्यावरचे दिवे साधारण याच मापात येतात. ७० वॅटचा दिवा साधारण सहा हजार लुमेन देतो, १५० चा पंधरा हजार, २५० चा अठ्ठावीस हजार, ४०० चा पन्नास हजार. लुमेन हे माणसाच्या डोळ्याचं माप आहे, पानाचं नाही. पण सोडियमसाठी एक सोपा भागाकार आहे: लक्स (एका चौरस मीटरवर पडणारे लुमेन) भागिले ८२ केलं की पानाला मिळणारा उजेड निघतो, मायक्रोमोल या मापात. उन्हासाठी हाच आकडा ५४ च्या आसपास असतो, म्हणून दोन्हींची लक्सवर तुलना करू नये.

रोपाला २०० मायक्रोमोल, रोज १६ तास, एवढं दिलं की ते ठणठणीत वाढतं. म्हणजे ट्रेवर १६,४०० लक्स. दिव्यातून निघालेल्या उजेडातला साठ टक्के टेबलावर पोचतो असं धरा. परावर्तक चांगला आणि भिंती पांढऱ्या असतील तरच. मग २५० वॅटचा दिवा बरोबर एक चौरस मीटर उजळतो आणि ४०० चा १.८ चौरस मीटर. ९८ खाचांचा पोर्ट्रे साधारण ५४ बाय २८ सेंटीमीटरचा असतो. म्हणजे २५० खाली सहा ट्रे, ४०० खाली बारा. बारा ट्रेंचं टेबल साधारण साडेतीन बाय साडेपाच फुटांचं होतं.

७० वॅटच्या दिव्याखाली दीड ट्रे. तो सोडून द्या, भंगारवाला फुकट देत असला तरी. १५० वॅट हौशी माणसाला ठीक. माझं मत विचाराल तर पहिल्या वर्षी २५० चे दोन घ्या. एक ४०० घेण्यापेक्षा उजेड सारखा पसरतो, आणि एक बंद पडला तर सगळी रोपं एकदम अंधारात जात नाहीत. मी स्वतः आता ४०० चे दोन वापरतो कारण मला चोवीस ट्रे लागतात.

हजार वॅटचे दिवेही असतात, क्रीडांगणाचे. घराच्या खोलीत त्यांचं काम नाही.

चोक, इग्निटर, कंडेन्सर: भंगारात काय तपासायचं

सोडियम दिवा सरळ प्लगमध्ये लावता येत नाही. आतल्या नळीतला वायू एकदा पेटला की तो करंट ओढतच सुटतो; त्याला लगाम घालतो तो चोक. थंड नळी पेटवायला दोन-चार हजार व्होल्टचे ठोके लागतात. ते देतो इग्निटर. आणि चोकमुळे लाइनवर जो फालतू करंट वाहतो तो कमी करतो कंडेन्सर. हे तिन्ही त्याच वॅटचे आणि सोडियमचेच हवेत.

या "सोडियमचेच" शब्दावर मी पहिल्या वर्षी आपटलो. एका दुकानातून २५० वॅटचे दोन चोक आणले. स्टिकर अर्धं फाटलेलं, २५० एवढंच दिसत होतं. विचारलं तर उत्तर आलं, "काहून घाबरता भाऊ, चालू हाये, घेऊन जा." दोन्ही दिवे लागले. पण एकाचा पिवळा रंग नीट भरेचना, तांबूस-मळकट राहिला. त्याखालची टोमॅटोची रोपं आठ दिवसांत सुतळीसारखी लांब झाली. मी रोज मोटारी तपासणारा माणूस, पण तारेतला करंट मोजणारा क्लॅम्प मीटर लावायचं सुचलं नवव्या दिवशी. नीट चालणाऱ्या दिव्याच्या तारेत तीन अँपिअर, दुसऱ्याच्या तारेत सव्वादोन. तो चोक मर्क्युरी दिव्याचा होता. मर्क्युरीच्या २५० ला साधारण २.१ अँपिअर लागतात, सोडियमच्या २५० ला ३. वॅट सारखे, चोक वेगळे. तेव्हापासून चोकवर वॅट नाही, अँपिअर वाचतो: सोडियमसाठी ७० वॅटला १, १५० ला १.८, २५० ला ३ आणि ४०० ला साधारण ४.५.

भंगारात बघायच्या गोष्टी: चोकचं व्हार्निश काळं पडून करपल्याचा वास येतो का, हलवल्यावर पट्ट्या खडखडतात का. बॉडी आणि वायंडिंगमध्ये मेगर (इन्सुलेशन तपासायचा मीटर) लावून गळती बघून घ्या; गावातल्या कोणत्याही रिवायंडिंगवाल्याकडे मेगर असतो, चहावर काम होतं. फिटिंगच्या होल्डरमधली चिनीमाती तडकलेली नको आणि आतली स्प्रिंग दाबल्यावर परत वर यायला हवी. कंडेन्सर फुगलेला किंवा तेल गळणारा असेल तर नवा घ्या. २५० साठी साधारण ३२-३३ मायक्रोफॅरड, ४०० साठी ४५ ते ५०. कंडेन्सर नसला तरी दिवा लागतो, म्हणून लोक तो वगळतात. मग ४०० चा एक दिवा लाइनमधून सव्वादोनऐवजी साडेचार अँपिअर ओढतो, वायर गरम होते आणि शेजाऱ्याचं व्होल्टेजही पडतं.

बल्ब मात्र जुना घेऊ नका. रस्त्यावरून उतरलेला बल्ब हजारो तास जळलेला असतो. त्याच्या आतल्या बारीक नळीची टोकं काळी पडलेली दिसतात. बुडाजवळच्या काचेवर आरशासारखा चकचकीत डाग असतो, तो दोष नव्हे. तो डाग पांढरा झाला असेल तर काचेत हवा शिरली आहे, फेकायचा बल्ब. नवा घेताना आरपार काचेचा, नळीसारखा सरळ घ्या. दुधी काचेचा अंडाकृती बल्ब उजेड पसरवतो, परावर्तकाला तो नीट गोळा करता येत नाही. फिलिप्सच्या डब्यावर सॉन-टी, ओसरामच्या डब्यावर नाव-टी असं लिहिलेलं असतं. शेवटचा टी त्या नळीच्या आकाराचा. काही बल्बवर त्रिकोणात ई अक्षर असतं, म्हणजे इग्निटर बाहेर लागतो. त्रिकोणात आय असेल तर तो बल्बच्या आतच आहे. आयवाल्या बल्बला बाहेरून इग्निटर जोडू नका.

परावर्तक आणि भिंती

रस्त्याच्या फिटिंगचा पत्रा उजेड दोन्ही बाजूंना लांब फेकण्यासाठी वाकवलेला असतो, कारण खांब दूर-दूर असतात. टेबलावर टांगलात की अर्धा उजेड भिंतीवर. मी फिटिंग फोडून होल्डर काढून घेतो आणि चकचकीत ॲल्युमिनियमचा पत्रा पाखरू पंख पसरतं तसा वाकवून त्यात बल्ब आडवा बसवतो. पत्रावाल्याकडून तासाभराचं काम आहे. किचनमधली ॲल्युमिनियम फॉइल चिकटवू नका. तिच्या सुरकुत्या उजेडाचे ठिपके पाडतात आणि गोंद वितळला की ती बल्बवर लोंबते.

भिंतींना चुना मारा. पिढ्यान्‌पिढ्या आपण दिवाळीच्या आधी मारत आलो तोच. दोन हात मारले की भिंत बराचसा उजेड परत फेकते, आणि बुरशीलाही थोडा आळा बसतो.

जोडणी

वायरमनचं काम वायरमनलाच करू द्या. पण तो काय करतोय हे तुम्हाला कळलं पाहिजे.

फेज आधी चोकमध्ये जाते. चोकमधून निघालेली तार इग्निटरच्या बी खुणेवर. इग्निटरच्या एलपी खुणेवरून बल्बच्या होल्डरच्या मधल्या टोकाला. न्यूट्रल होल्डरच्या बाहेरच्या कड्याला, आणि त्याचीच एक फांदी इग्निटरच्या एन खुणेवर. कंडेन्सर चोकच्या अलीकडे, सरळ फेज-न्यूट्रलमध्ये. तीन टोकांच्या इग्निटरची ही रीत. इग्निटर दिव्याजवळच ठेवा, एक-दीड मीटरच्या आत. तार लांबली की ठोका वाटेतच विरतो. चोक मात्र खाली, हवा लागेल असा, लोखंडी पट्टीवर किंवा फरशीच्या तुकड्यावर. तो हात ठेवता येणार नाही इतका तापतो. लाकडी फळीवर ठोकू नका.

मल्टिमीटर घेऊन होल्डरच्या टोकांवर व्होल्टेज मोजायची हौस इथे करू नका. इग्निटर चालू असताना तिथे हजारो व्होल्टचे ठोके असतात. मीटर जाईल, कदाचित तुम्हीही.

अर्थिंग खरं हवं: मीठ-कोळसा घालून पुरलेला पाइप किंवा पट्टी, भिंतीतला खिळा नव्हे. खोलीसाठी वेगळी एमसीबी आणि तिच्या पुढे ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळाला की लाइन तोडणारा स्विच). खोलीत रोज झारीने पाणी मारणार आहात हे विसरू नका. तार दीड चौरस मिलीमीटर तांब्याची. होल्डरजवळची शेवटची फूटभर तार मात्र उष्णता सोसणारी, सिलिकॉनची. साधं प्लास्टिकचं आवरण तिथे वाळून तडकतं.

टायमरचा किस्सा. सोळा अँपिअर लिहिलेला प्लगचा टायमर घेतला. दिवा सव्वादोन अँपिअरचा, म्हटलं भरपूर झाला. महिनाभर नीट चालला. मग एका शनिवारी आम्ही लग्नाला वर्ध्याला गेलो, रविवारी दुपारी परत आलो तर खोलीच्या दाराच्या फटीतून भर दुपारी बंद असायला हवा तो पिवळा उजेड. टायमरच्या आतले पॉइंट एकमेकांना चिकटले होते. चालू होताना कंडेन्सर क्षणभर मोठा करंट ओढतो, आणि ते सोळा अँपिअर हीटरसारख्या साध्या भारासाठी लिहिलेले असतात. खोलीत पस्तीस अंश, ट्रेंची कड पांढरीफटक वाळलेली, वरच्या ओळीतली टरबुजाची पानं कागदासारखी. आता टायमर फक्त कॉन्टॅक्टरची (मोठा भार सोसणाऱ्या, कॉइलवर चालणाऱ्या स्विचची) कॉइल चालवतो, दिव्याचा भार कॉन्टॅक्टरवर. पंपाच्या स्टार्टरमधला जुना कॉन्टॅक्टर चालतो.

आणि आपल्या भागासाठी सगळ्यात मोठी सूचना: कापूस ठेवलेल्या कोठ्यात हा दिवा लावू नका. वेचणी झालेली असते, भाव यायची वाट बघत कापूस घरात छतापर्यंत रचलेला असतो, आणि रोपांसाठी रिकामी भिंत नेमकी तिथेच दिसते. चालू बल्बच्या काचेचं तापमान तीनशे अंशांच्या वर जातं. फुटला तर रसरशीत तापलेले तुकडे खाली पडतात. कडबा, कुटार, बारदानाही त्या खोलीत नको. पाण्याचा थेंब गरम काचेवर पडला तरी ती तडकते, म्हणून झारी फिरवण्याआधी दिवा बंद.

व्होल्टेज आणि जाणारी लाइट

तीन दिवस, सकाळी सात, संध्याकाळी सात आणि रात्री एक वाजता व्होल्टेज लिहून काढा. रब्बीत गहू-हरभऱ्याला पाणी सुरू असलं की आमच्याकडे संध्याकाळी १८५ आणि मध्यरात्री पंप थांबले की २५० असा झोका असतो. साध्या चोकवर व्होल्टेज जितके टक्के चढतं, दिव्याचे वॅट त्याच्या दुपटीहून जास्त टक्के चढतात. २५० वर ४०० चा दिवा पाचशेच्या आसपास जळतो आणि त्याचं आयुष्य झपाट्याने संपतं. १८५ वर तो नीट पेटत नाही, पेटला तर मरगळलेला राहतो.

काही चोकना २२०, २४०, २५० अशी तीन टोकं काढलेली असतात. भंगारात असा चोक दिसला तर सोडू नका. रात्रीच्या व्होल्टेजजवळचं टोक निवडा, कारण दिवा जास्त वेळ रात्रीच जळणार आहे. फ्रीजचा खट्‌खट्‌ आवाज करणारा स्टॅबिलायझर इथे जमत नाही. तो रिले बदलताना क्षणभर सप्लाय तुटतो आणि तेवढ्यात दिवा विझतो. सर्वो स्टॅबिलायझर चालेल, पण त्याच्या किमतीत एलईडी येतात.

लाइट जाऊन लगेच आली तरी दिवा लगेच लागत नाही. नळी थंड व्हावी लागते, मिनिट-दोन मिनिटं, कधी त्याहून जास्त. मग पेटतो आणि पूर्ण भरायला आणखी चार-पाच मिनिटं घेतो. या वेळात इग्निटर गुणगुणतो, त्यात बिघाड काही नाही. पण दिवा अर्धा तास झाला तरी पेटत नसेल आणि गुणगुण चालूच असेल, तर स्विच बंद करा. मेलेल्या बल्बवर इग्निटर रात्रभर ठोके मारत राहिला की तोही खराब होतो.

घरच्या इन्व्हर्टरवर हे चालवू नका. शेतीपंपाच्या जोडणीवरही नको. ती जोडणी त्या कामाची नाही, आणि थ्री फेज ठरावीक तासच येते. त्यावर सोळा तासांचं वेळापत्रक बसतच नाही.

रोपांची रात्र दिवसा

दिवा संध्याकाळी पाचला लावतो, सकाळी नऊला बंद. दिवसभर खोली अंधारी, झरोक्यांवर काळं कापड, हवा मात्र खेळती. यामागे दोन कारणं. रात्री ऊब हवी तेव्हाच दिवा जळतो: ४०० चे दोन दिवे चोकसह जवळपास ८७० वॅट उष्णता सोडतात. दहा बाय दहाच्या विटांच्या खोलीत बाहेर दहा अंश असताना आत सतरा-अठरा राहतात, दिव्याखाली ट्रेवर त्याहून जास्त. आणि दुपारी बाहेरच अठ्ठावीस-तीस असताना आणखी भट्टी पेटवावी लागत नाही. सोळा तासांच्या वर उजेड देऊ नका. चोवीस तास उजेडात टोमॅटो आणि वांग्याची पानं पिवळी पडून खराब होतात, त्यांना रोजचा अंधार लागतोच.

बी पेरलेले ट्रे पहिले तीन-चार दिवस एकावर एक रचून प्लास्टिकमध्ये गुंडाळतो, खोलीतल्या सगळ्यात उबदार कोपऱ्यात. उजेड लागत नाही. कोंब कोकोपीटच्या वर डोकावला त्याच दिवशी दिव्याखाली. एक दिवस उशीर झाला तर मान लांबते, ती परत आखूड होत नाही.

दिव्याची उंची: ४०० चा दिवा ट्रेपासून अडीच फुटांवर टांगून सुरुवात करा. साखळीवर टांगा, म्हणजे कडी बदलून खाली-वर करता येतो. पानांच्या उंचीवर तळहात उपडा धरून अर्धा मिनिट थांबा. हाताच्या पाठीला चटका वाटला तर वर घ्या. मग लक्समीटर, साधा स्वस्तातलाही चालतो, मोबाइलच्या ॲपपेक्षा बरा. मध्यभागी सोळा-अठरा हजार, कोपऱ्यात दहा हजारांच्या खाली नको. कोपऱ्याचे ट्रे दर दोन दिवसांनी मध्ये सरकवा.

सोडियमच्या उजेडात निळा भाग फार थोडा असतो. त्यामुळे रोप उंच, लवचीक होतं. यावर उपाय म्हणून टेबलाच्या दोन्ही बाजूंना २० वॅटची एकेक पांढरी एलईडी ट्यूब लावली आहे, ६५०० केल्विनवाली, पांढरी-निळसर. फरक पहिल्याच खेपेत दिसला: पेरं आखूड, देठ जाड. संध्याकाळी उंबऱ्यातून येता-जाता रोपांवरून हलकेच तळहात फिरवणं हाही जुना उपाय आहे, आमची आई करते.

या पिवळ्या उजेडात सगळीच पानं सारखी दिसतात. पिवळं पडलेलं पान, करप्याचा ठिपका, काही ओळखू येत नाही. रोग बघायचा तर दिवा बंद करून पांढऱ्या टॉर्चने बघा.

पाणी सकाळी, दिवा बंद झाल्यावर. बंद खोलीत ओल साचली की रोपं बुडाशी कुजून कोलमडतात, म्हणून एक छोटा पंखा ट्रेच्या वरून वाहता ठेवा, पानं नुसती थरथरतील एवढाच. टरबूज दिव्याखाली साधारण बारा दिवस, मग पाच-सहा दिवस शेडनेटमध्ये काढून कणखर करणं. थेट दिव्याखालून वावरात नेलेलं रोप दुपारपर्यंत मान टाकतं.

विजेचा हिशोब माझा असा. ४०० चा एक दिवा १६ तासांत सात युनिट. दोन दिव्यांचे चौदा. ४५ दिवसांत तीन खेपा होतात, सुमारे ६३० युनिट. युनिटला ८ रुपये धरले तर पाच हजार. तीन खेपांत चोवीस-चोवीस ट्रे म्हणजे सात हजारांच्या जवळपास रोपं, साधारण एका एकराच्या टरबुजाची. रोपामागे सत्तर पैसे. मीटरचा वरचा स्लॅब लागला तर रुपयाच्या पुढे. रोप विकायचं असेल तर हा आकडा किमतीत धरा.

एप्रिल-मेमध्ये काय

काही नाही. हे दिवे काढून ठेवायचे. भिवापुरी मिरचीची रोपं मे-जूनमध्ये टाकतात, तेव्हा कुणाला वाटतं की खोलीत दिव्याखाली टाकू. बाहेर पंचेचाळीस अंश असताना एक्झॉस्ट फॅन बाहेरची आगच आत ओढतो. खसच्या ताट्यांचा कुलर कोरड्या हवेत खोली सव्वीस-सत्तावीसवर आणतो हे खरं, पण मग दिवा उष्णता सोडणार, कुलर पाणी पिणार, आणि टँकरची वाट बघणाऱ्या गावात ते पाणी आणणार कोण? मृगाचा पाऊस आला की हवेत ओल भरते, कुलरही थकतो. त्या रोपांना हिरवी शेडनेट आणि झाडाची सावली पुरते.

दिवे काढताना बल्ब पूर्ण थंड झाल्यावर कोरड्या फडक्याने पुसतो, मूळ डब्यात परत घालतो आणि डब्यावर किती तास जळला ते पेनाने लिहितो. एका हंगामाचे साधारण सातशे. दहा हजारांच्या आसपास उजेड घटायला लागतो, म्हणजे माझे बल्ब अजून बरेच हिवाळे जातील. लागतो, विझतो, परत लागतो असा खेळ सुरू झाला की तो बल्ब म्हातारा झाला. फुटला तर खिडकी उघडून बाहेर पडा, पंधरा मिनिटांनी हातमोजे घालून तुकडे ओल्या कागदात गोळा करा. आत थोडा पारा असतो, म्हणून झाडून उकिरड्यावर किंवा विहिरीकडे टाकू नका, झाकणाच्या डब्यात भरून ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. माझ्याकडे असा एक डबा दुकानाच्या माळ्यावर आहे, गेल्या वर्षी मांजराने पाडलेल्या बल्बचा.